बसवनगुडीतले गोखले



बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात, बुल टेंपल रोडवर, गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. एखाद्या मराठी माणसाच्या नजरेला ही पाटी पडली, तर पुण्याच्या कुणी मंडळींनी इथं शाखा काढली असेल, असं त्याला वाटेल. तसं नाही. ही संस्था काढली डी. व्ही. गुंडप्पा या कन्नड लेखकानं, 1945 साली. कर्नाटक त्यांना 'डीव्हीजी' म्हणूनच ओळखतं. त्यांच्या 'मंकुतिम्मन कग्ग' या काव्यग्रंथातलं एखादं कडवं इथल्या घराघरांत कुणाला तरी पाठ असतं. हे डीव्हीजी पत्रकार होते, राज्यशास्त्राचे अभ्यासक होते, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं चरित्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं होतं.

गोखले 1915 च्या फेब्रुवारीत गेले. म्हणजे संस्था निघाली तेव्हा त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. देशाच्या तोंडी तेव्हा गांधींचं नाव होतं, नेहरूंचं होतं, सुभाषबाबूंचं होतं. तरीही डीव्हीजींनी पाटीवर नाव घातलं गोखल्यांचं. संस्थेत काय चालतं ते पाहिलं की ही निवड उलगडते. ग्रंथालय, अभ्यासवर्ग, व्याख्यानं, कुठल्याही पक्षाचा झेंडा न लावता सार्वजनिक प्रश्नांची चर्चा. राज्य आपलं होणार, पण ते चालवून घेणारा नागरिक अभ्यासानंच घडेल, ही त्यामागची श्रद्धा. 1970 साली चाहत्यांनी डीव्हीजींना एक लाख रुपयांची थैली दिली, तीही त्यांनी या संस्थेलाच देऊन टाकली.

ही श्रद्धा गोखल्यांना मिळाली ती न्यायमूर्ती रानड्यांकडून. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे सरकारकडे अर्ज जात, निवेदनं जात. महिनोन् महिने खपून, आकडे जमवून ती तयार करायची आणि सरकारकडून पोच म्हणून दोन ओळी यायच्या. तरुण गोखल्यांनी एकदा रानड्यांना विचारलं, मग एवढी मेहनत कशासाठी? रानड्यांनी समजावलं, की अर्जावर नाव सरकारचं असलं तरी तो खरा लोकांसाठी असतो. आपल्या प्रश्नांचा विचार कसा करायचा हे लोकांनी त्यातून शिकायचं असतं; उत्तर काय येतं ही पुढची गोष्ट. गोखल्यांचं पुढचं सगळं सार्वजनिक आयुष्य या एका उत्तरातून निघालेलं आहे.

1902 साली, पस्तिशीत असताना, ते कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात पहिल्यांदा अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. सरकारनं मोठी शिल्लक दाखवली होती आणि तिचं कौतुक चाललं होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराटीमुळे नव्हे. लोकांवर कर जास्त लादलेत म्हणून उरते, असं त्यांनी दाखवून दिलं. मिठावरचा कर हे त्यांचं मुख्य उदाहरण होतं. तो कर मणामागे अडीच रुपये होता. 1903 मध्ये दोन, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. या भाषणांमागे आणखी एक माणूस होता, गणेश व्यंकटेश जोशी. पेशानं शाळामास्तर, पण सरकारी जमाखर्च कोळून प्यायलेला. साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला निरुत्तर करणारे आकडे एका शाळामास्तरानं जुळवले होते, ही गोष्ट आजच्या प्रत्येक नागरिकानं ध्यानात ठेवावी अशी आहे.

आता आजच्या बेंगळुरूकडे वळू.

2011 च्या जनगणनेत या महानगरपालिकेच्या हद्दीत 84 लाख माणसं होती. त्यानंतर ती किती वाढली हे वर्तूर-व्हाइटफील्डच्या रस्त्यावर सकाळी नऊ वाजता कुणालाही कळतं. या शहरानं आपले 198 नगरसेवक निवडले ऑगस्ट 2015 मध्ये. त्यांची मुदत 10 सप्टेंबर 2020 रोजी संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं. तशी ती झाली नाही. आधी वॉर्डांची संख्या 198 वरून 243 करायचं ठरलं, पुढे ती 225 झाली. आरक्षणावरून वाद झाले. उच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये निवडणूक घेण्याचा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयात थांबला. पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. 2025-26 चं अंदाजपत्रक सुमारे 19,900 कोटी रुपयांचं होतं. ते अधिकाऱ्यांनी मांडलं. त्यावर उभं राहून, माझ्या वॉर्डातल्या गटाराचं काय, असं विचारणारा एकही लोकनियुक्त सभासद सभागृहात नव्हता.

गोखल्यांच्या कौन्सिलात सरकारी सभासदांचं बहुमत होतं, अंदाजपत्रकावर मतदानही होत नसे. पण निदान बोलायला जागा होती. स्वतंत्र, प्रजासत्ताक भारतातल्या एवढ्या मोठ्या शहरात तेवढीही उरू नये, ही खरोखर मनाला लागणारी गोष्ट आहे. आणि हे एकट्या बेंगळुरूचं दुखणं नाही. मुंबई आणि पुणे या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथंही वर्षानुवर्षं प्रशासक बसले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावल्यावर महाराष्ट्रातल्या रखडलेल्या निवडणुकांची चक्रं हलली. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद ज्यांनी सांभाळलं, त्या गोखल्यांना यानं काय वाटलं असतं, याची कल्पना करणं अवघड नाही.

कारण या विषयावर त्यांचं म्हणणं नोंदलेलं आहे. सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा विचार करायला 1907 साली ब्रिटिश सरकारनं एक शाही आयोग नेमला. त्याच्यापुढे साक्ष देताना गोखल्यांनी पायापासून सुरुवात केली. खाली गावागावांत पंचायती हव्यात, मध्ये लोकांनी निवडलेली तालुका बोर्डं हवीत, जिल्ह्याला कलेक्टरसोबत बसणारं मंडळ हवं, असा आराखडा त्यांनी मांडला. अधिकारी कितीही हुशार आणि प्रामाणिक असला तरी तो बदलून जातो, कागदांतूनच माणसं पाहतो. ज्यांना निर्णय सोसायचा असतो त्यांचा त्यात हात असायला हवा, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. स्थानिक संस्थांच्या हाती पुरेसा पैसा नाही, हीही त्यांची तक्रार होती. फ्रान्सचा तोकव्हिल 1831 साली अमेरिकेत हिंडला तेव्हा तिथल्या छोट्या गावांच्या सभा पाहून याच निष्कर्षाला आला होता. पण तोकव्हिलनं हे प्रवासी म्हणून पाहिलं. गोखल्यांनी पुण्याच्या नळ-गटारांचे आणि सफाईचे प्रश्न हाताळून ते ओळखलं, म्हणून त्यांचा शब्द आपल्याला जास्त जवळचा आहे.

एका बाबतीत मात्र आपली घटना गोखल्यांच्या पुढे गेली, आणि तेच योग्य झालं. मताचा हक्क हळूहळू, पायरीपायरीनं वाढावा असं ते मानत. 1950 मध्ये भारतानं तो प्रत्येक प्रौढाला एकदम दिला. गोखल्यांची सावधगिरी इथं कमी पडली, असंच म्हणावं लागेल. पण मताआधी माणूस माणूस म्हणून मोजला गेला पाहिजे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. 1903 साली, याच कर्नाटकातल्या धारवाडच्या सामाजिक परिषदेत, अस्पृश्य मानलेल्या बांधवांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीवर त्यांनी कडक शब्दांत टीका केली. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसांना मिळणाऱ्या वागणुकीवर आपण चिडतो, तर घरच्या अन्यायाकडे कोणत्या तोंडानं पाहायचं, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

गोखल्यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती त्यांना फार महागात पडली. 1897 मध्ये ते लंडनला होते. पुण्यात प्लेगची तपासणी करताना गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली. त्यांनी तो आरोप तिथल्या वृत्तपत्रातून जाहीर केला. परतल्यावर पुरावा मागितला गेला. पुढे येऊन सांगायला कुणी तयार होईना. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली, कित्येक वर्षं त्यांना त्यावरून टोमणे ऐकावे लागले. लोकांच्या यातना खऱ्याच होत्या, प्लेगच्या त्या दिवसांत पुण्यानं पुष्कळ सोसलं. पण जे सिद्ध करता येत नाही ते सार्वजनिक व्यासपीठावरून खरं म्हणून सांगायचं नाही, हा नेम त्यांनी आपल्या प्रतिष्ठेची किंमत मोजून पाळला.

हा नेम सुटला की काय होतं, हे पाहायचं तर ऑगस्ट 2012 मध्ये बेंगळुरूत काय झालं ते आठवा. ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या. दोन-तीन दिवसांत हजारो माणसं, विद्यार्थी, हॉटेलांत आणि सुरक्षारक्षक म्हणून राबणारी मुलं, रेल्वे स्टेशनवर जमली आणि मिळेल त्या गाडीनं गुवाहाटीकडे निघाली. घाऊक मेसेज पाठवण्यावर केंद्र सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली. तेव्हा फोनमध्ये आजच्याएवढे ग्रुप नव्हते, आजच्यासारखे बनावट व्हिडिओही नव्हते.

तरी या शहराच्या स्वभावात गोखले-डीव्हीजींची वाट पुसली गेलेली नाही. 1994 मध्ये सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकारानं बेंगळुरूकरांनी आपल्या सरकारी सेवांचं प्रगतिपुस्तक तयार केलं. पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका, विकास प्राधिकरण: कोण किती समाधान देतं, कोण किती खेपा घालायला लावतं, लाच कुठं मागितली जाते, हे घरोघर विचारून मांडलं. 1999 आणि 2003 मध्ये पुन्हा तीच पाहणी झाली, म्हणजे सुधारणा झाली की नाही तेही दिसलं. जगातल्या अनेक शहरांनी पुढे ही पद्धत उचलली. 2002 मध्ये 'जनाग्रह' आणि इतर संस्थांनी मिळून महापालिकेला दर तिमाहीचा जमाखर्च नागरिकांसमोर ठेवायला राजी केलं. सभागृहात साधी माणसं ताळेबंद उघडून बसू लागली. गणेश व्यंकटेश जोशी मास्तर तिथं असते तर हरखून गेले असते.

पण नागरिकांच्या संस्था प्रश्न विचारू शकतात, खर्च मंजूर वा नामंजूर करू शकत नाहीत. ते काम निवडून आलेल्या सभेचं. मे 2025 पासून बेंगळुरूसाठी नवा कायदा लागू झाला. सप्टेंबरमध्ये एका महापालिकेच्या जागी पाच आल्या: मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. त्यांच्यात मिळून 369 वॉर्ड आखले गेले. या सगळ्यांवर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आहे, आणि त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री आहेत. पाणी 1964 पासून वेगळ्या मंडळाकडे, जमिनीचा विकास 1976 पासून वेगळ्या प्राधिकरणाकडे, बस 1997 पासून वेगळ्या महामंडळाकडे, मेट्रो आणखी कुणाकडे. नगरसेवकाच्या हाती नेमकं काय उरतं, हा प्रश्न निवडणुका वेळेवर होत होत्या तेव्हाही होता. महापौर तर वर्षानुवर्षं एकेका वर्षासाठीच निवडले जात. खुर्ची ओळखीची होईपर्यंत उतरायची वेळ यायची.

म्हणून शहाजीराजांच्या काळापासून इथं राहणाऱ्या मराठी घरांनी, तसंच कालपरवा हिंजवडीहून इलेक्ट्रॉनिक सिटीत आलेल्यांनीही, उमेदवार दारात आला की रस्त्याच्या खड्ड्याबरोबर आणखी काही विचारावं. वॉर्ड समितीची बैठक दर महिन्याला भरेल का, तिचा वृत्तान्त कन्नडमध्ये आणि सोप्या भाषेत मिळेल का? 2002 सारखा तिमाही जमाखर्च पाचही महापालिका मांडतील का? मालमत्ता करातला किती वाटा वॉर्डाच्या पातळीवर ठरवता येईल? पाणीपुरवठा मंडळाच्या अधिकाऱ्याला नगरसेवकांच्या सभेत उत्तरासाठी बोलावता येईल का? आणि पुढची निवडणूक मुदतीच्या आत झाली नाही, तर त्याविरुद्ध सभागृहात ठराव मांडायला तुम्ही स्वतः उभे राहाल का?