कासव आणि कांचेची पेटी

महाराष्ट्रांतील पुष्कळ देवळांत, सभामंडपाच्या फरशींत, देवासमोर दगडी कासव बसविलेलें असतें. दर्शनास येणारा भाविक प्रथम त्याला नमस्कार करतो. तें कासव पिढ्यान्‌पिढ्या तेवढेंच राहतें. जिवंत कासवाची गोष्ट निराळी आहे, आणि तें घरीं आणण्यापूर्वीं हा भेद प्रत्येक गृहस्थानें समजून घेणें इष्ट होय.

नेरळपासून कर्जत व तेथून खोपोलीपर्यंत लोहमार्गालगत जीं नवीं घरें उभीं राहिलीं आहेत, त्यांतील कित्येक बिऱ्हाडें दोन-तीन खोल्यांचीं आहेत. मुलाला एखादा प्राणी हवा असतो. कुत्र्यास जागा नाहीं, मांजर आईला नको. तेव्हां दीड फुटाच्या कांचेच्या पेटींत मावेल असें कासव कोणतें, असा प्रश्न निघतो.

प्रथम देशी कासवें पाहूं. कोंकणांतील तळीं, ओढे व भातखाचरें यांत मऊ कवचाचें कासव आढळतें. उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे तें चिखलांत स्वतःस पुरून घेतें. गोगलगाई, किडे व मेलेले जीव खाऊन तें पाणी स्वच्छ ठेवण्यास साह्य करतें. दुसरें, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें तारांकित कासव. हें मुळीं पाण्यांतलें नव्हेच. तें कोरड्या माळरानावर राहणारें असून पाण्याच्या पेटींत ठेवल्यास बुडून मरतें. शिवाय हीं दोन्ही कासवें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं पकडणें, विकत घेणें वा घरीं बाळगणें हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. घरीं कासव ठेवल्यानें भाग्य येतें, या समजुतीपायीं कित्येक कुटुंबें हा धोका अजाणतां पत्करतात.

उरतें तें दुकानांत मिळणारें, कानामागें तांबडा पट्टा असलेलें अमेरिकन कासव. विकावयास येतें तेव्हां तें रुपयाच्या नाण्यापेक्षां थोडेंच मोठें असतें. परंतु मादीचें कवच दहा-बारा इंचांपर्यंत वाढतें व आयुष्य वीस-तीस वर्षांचें असतें. नर लहान राहतो हें खरें. पण पिलाचा नर-मादी भेद बाहेरून ओळखतां येत नाहीं, म्हणून नर निवडून जागा वांचविण्याची युक्तिही चालत नाहीं. पेटी लहान ठेवली तर कासवही लहान राहील, ही समजूत तर सर्वस्वीं चुकीची आहे. तशा कोंडमाऱ्यांत त्याचें कवच वेडेंवाकडें होतें व तें आजारी पडतें.

पाळणारे लोक कवचाच्या दर इंचास सुमारें ४० लिटर पाणी धरतात. दहा इंचांच्या कासवास ४०० लिटर झाले. म्हणजे पेटी ४ फूट लांब, २ फूट रुंद, आणि नुसत्या पाण्याचें वजन चार क्विंटल! त्यावर पाणी गाळण्याचें यंत्र, ऊन खाण्यास कोरडी जागा आणि सूर्यप्रकाशाच्या तोडीचा दिवा हवाच. कासवापासून साल्मोनेला या जंतूंचा संसर्गही होतो. लहान मुलें आजारी पडूं लागल्यामुळें अमेरिकेनें १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली.

पेटी पुरेनाशी झाली म्हणजे सुटीच्या दिवशीं कासव उल्हास वा पाताळगंगेंत सोडून येण्याचा मोह होतो. ती दया नव्हे. केरळ व आसाम येथील जलाशयांत हीं परदेशी कासवें सांपडलीं आहेत. तीं अन्न व उन्हाची जागा यांसाठीं देशी कासवांशीं स्पर्धा करतात. ज्यांच्या घरीं असें कासव आहे, त्यांनीं त्यास मोठें, बंदिस्त टांकें द्यावें, किंवा तशी सोय असलेल्या माणसाच्या स्वाधीन करावें. नदींत वा विहिरींत कदापि सोडूं नये. देशी कासव घरांत असल्यास १९२६ या क्रमांकावर वनविभागास कळवावें.

सारांश, दीड फुटाच्या पेटीस योग्य असें कासव नाहीं. मुलाची आवड खरी असेल तर पावसाळ्यांत त्याला खाचराच्या बांधावर न्यावें. तेथें मऊ पाठीचें कासव दिसेलच असें नाहीं. परंतु दिसलें, तर तें स्वतःच्या घरांत असेल.