न झालेला प्रवास
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी प्रवासवर्णन सांगायला सांगितले. मी सांगणार आहे ती विमानतळावरची एक रात्र. १५ एप्रिल २०१० ची. लेकीच्या बाळंतपणासाठी मी एकटीच लंडनला निघाले होते. पिशवीत झबली-टोपडी, डब्यात डिंकाचे लाडू. सहारला पोचले तो कळले, आइसलंडात ज्वालामुखी उसळला आहे आणि राखेमुळे ब्रिटनचे आकाशच बंद आहे. "थांबा, कळवू," एवढेच उत्तर. काउंटरवरच्या मुलीला मी नाही नाही ते बोलले. राखेने कधी विमान अडते? चुलीपुढे जन्म गेला आमचा!

शेजारी एक इंजिनिअर मुलगा बसला होता. म्हणाला, "काकू, ही चुलीतली राख नव्हे, खडकाची आणि काचेची पूड आहे. इंजिनात वितळते नि आतच थिजते. १९८२ साली जावाजवळ एका विमानाची चारही इंजिने अशीच बंद पडली होती. नशीब, ती पुन्हा सुरू झाली."

मी गप्प झाले.

पहाटे फोन आला, कळा सुरू झाल्या होत्या. मी इकडे बाकावर, लेक तिकडे! जावईबापूंशी नुसती बोलत राहिले. दुपारी नात झाली. लाडवांचा डबा तिथेच उघडला. पहिला लाडू काउंटरवरच्या त्या मुलीला दिला. तीही रात्रभर उभीच होती, हे मला तेव्हा दिसले.

ब्रिटनचे आकाश २० तारखेच्या रात्री उघडले. मी पोचले तेव्हा नात आठ दिवसांची होती, आणि डबा रिकामा. डिंक वेंब्लीतल्या गुजराती दुकानात मिळाला.