बिनतारी पाणपोई

उन्हाळ्यांत वाटेवर पाणपोई घालणें हें आपल्याकडे फार जुनें पुण्यकर्म मानलें जातें. आजच्या वाटसरूला पाण्याखेरीज आणखी एक तहान लागते, ती इंटरनेटची. ती भागविण्यासाठीं जी बिनतारी पाणपोई निघाली आहे, तिलाच सार्वजनिक वायफाय म्हणतात. तारेनें आलेलें इंटरनेट एक लहानशी पेटी रेडिओलहरींनीं आसपास पसरविते व मोबाईल त्या लहरी ग्रहण करतो, इतकेंच तिचें रहस्य.

आपल्या देशांतील सर्वांत परिचित पाणपोई रेल्वे स्टेशनावर आहे. जानेवारी २०१६ मध्यें रेलटेल व गूगल यांनीं मुंबई सेंट्रल येथें तिचा आरंभ केला. जून २०१८ मध्यें आसामांतील दिब्रुगड हें या योजनेंतील ४०० वें स्टेशन झालें. २०२० सालीं गूगलनें अंग काढून घेतलें, तरी रेलटेलनें ही सेवा चालूच ठेवली व ती ६,००० हून अधिक स्टेशनांवर पोंचविली. मार्च २०२१ मध्यें ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणें प्रवाशाला दिवसांतून पहिला अर्धा तास फुकट मिळतो. पुढें हवें असल्यास पैसे भरावे लागतात. ९ डिसेंबर २०२० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें पीएम-वाणी ही दुसरी योजना मंजूर केली. तीअन्वयें चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय आपल्या दुकानांतून वायफाय देऊं शकतो. तेथील पाणी मात्र बहुधा अल्प मोलाचें असतें.

अर्ध्या तासानें काय होणार, असें घरीं अखंड इंटरनेट असणाऱ्यांस वाटेल. त्यांनीं एर्नाकुलम जंक्शनवरील एका हमालाची २०१८ सालीं वृत्तपत्रांत आलेली हकीकत आठवावी. स्टेशनावरील वायफायवरून तो पाठ उतरवून घेई आणि डोक्यावर ओझें असतां कानांनीं ते ऐके. अशा अभ्यासावर तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. चित्रपट पाहण्यास अर्धा तास अपुरा खरा. पण पाठ, अर्ज किंवा प्रवेशपत्र उतरवून घेण्यास तो पुरेसा आहे.

ही सेवा घेण्याची रीत सोपी आहे. मोबाईलच्या यादींत 'रेलवायर' हें नांव निवडावें, उघडलेल्या पानावर आपला क्रमांक लिहावा आणि संदेशानें आलेला ओटीपी भरावा.

तथापि प्रत्येक घागरींतील पाणी निर्मळच असतें असें नाहीं. स्टेशनाच्या किंवा उपाहारगृहाच्या नांवाशीं मिळतें नांव देऊन एखादा लबाड आपलीच पेटी मांडूं शकतो. म्हणून नेमकें नांव तेथील कर्मचाऱ्यास विचारावें. वायफाय जोडण्यासाठीं बँकेचा पिन किंवा कार्डाचा क्रमांक मागणारें पान दिसतांच बंद करावें. पत्त्याजवळील कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच कीं, मोबाईल व तें संकेतस्थळ यांमधील मजकूर वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं. संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नव्हे. पैशांचे व्यवहार स्वतःच्या मोबाईल डेटावरच करणें शहाणपणाचें. काम संपल्यावर तें नांव मोबाईलच्या स्मरणांतून काढून टाकावें, म्हणजे न विचारतां तो पुन्हा जोडला जाणार नाहीं.

ज्यांच्या घरीं विहीर आहे त्यांना पाणपोईची किंमत कळत नाहीं. परंतु रस्त्यावरील पाणपोई कोठें आहे व तिचें पाणी कसें प्यावें, हें वाटसरूला तेच सांगूं शकतात. आपल्या इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा किंवा घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी परीक्षेचा अर्ज भरण्यासाठीं खोळंबली असेल, तर तिला हा मार्ग व त्यांतील धोके समजावून देण्यास पांच मिनिटें लागतात. सुशिक्षित घरांनीं तेवढीं पांच मिनिटें द्यावींत.