उरलेल्या चाली

हिंदी चित्रपटातील एखादे गीत श्रोत्यांच्या कानी पडते, तेव्हा त्याच्यामागे किती चाली नाकारल्या गेल्या असतील याची कल्पना सहसा कोणाला नसते. प्रसंग एकच असतो. परंतु संगीतकार पेटी पुढे ओढून त्याच प्रसंगासाठी चार-चार, पाच-पाच चाली बांधतो. दिग्दर्शक त्यांतली एक उचलतो आणि बाकीच्या तेथेच राहतात. शिंप्याच्या दुकानात कापडाचे तुकडे उरतात, त्यातलाच हा प्रकार. भेद एवढाच की, शिंप्याजवळ उरते ती चिंधी. संगीतकाराजवळ पुष्कळदा उरतो तो अखंड तागा, केवळ गिऱ्हाइकाच्या पसंतीस न उतरलेला.

मदनमोहन यांच्याजवळ असे तागे बरेच होते. १९२४ साली बगदाद येथे जन्मलेला हा कलावंत लष्करातील नोकरी सोडून आकाशवाणीच्या लखनौ केंद्रात आला. तेथे बेगम अख्तर, तलत महमूद अशांच्या सहवासात त्याच्या कानाला गझलेचे जे वळण लागले, ते शेवटपर्यंत सुटले नाही. १९७० च्या ‘दस्तक’ चित्रपटाच्या संगीताने त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले. १४ जुलै १९७५ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी, ते निवर्तले. मागे राहिल्या त्या काही ध्वनिफिती. त्यांवर होत्या कोणत्याच चित्रपटात न गेलेल्या चाली.

या चाली पंचवीस वर्षांहून अधिक काळ घरातच होत्या. पुढे दिग्दर्शक यश चोप्रा ‘वीर-झारा’ या चित्रपटाची जुळवाजुळव करीत होते. भारत आणि पाकिस्तान यांच्या सीमेवरून आरपार जाणारी ती प्रेमकथा. तिला पाश्चात्त्य वळणाचे संगीत नको, या मातीतलेच हवे, असा त्यांचा आग्रह होता. आणि तसे संगीत त्यांना सापडेना. मदनमोहन यांचे चिरंजीव संजीव कोहली तेव्हा चोप्रांच्याच संस्थेत काम पाहत होते. वडिलांच्या अप्रकाशित चालींचा विषय त्यांनीच काढला.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. पेटीवर गुणगुणून ठेवलेली चाल म्हणजे गीत नव्हे. तिला शब्द हवेत, वाद्यमेळ हवा, दोन कडव्यांच्या मधली जागा भरणारे स्वर हवेत. एवढे सारे दुसऱ्यांनी पुरविल्यावर ती रचना मूळ संगीतकाराची राहते काय? आणि ज्याची संमती आता विचारता येत नाही, त्याने बाजूला ठेवलेली वस्तू जगापुढे आणण्याचा अधिकार कोणाला? मुलाला असतो म्हणावे, तर वारसा हा घराचा असतो, अभिरुचीचा असतोच असे नाही. कोहली यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर श्रेयनामावलीत वाचायला मिळते. संगीतकार म्हणून नाव मदनमोहन यांचेच. स्वतःकडे त्यांनी केवळ पुनर्रचनेचे श्रेय घेतले. हा विवेक थोडाथोडका नव्हे.

शब्द जावेद अख्तर यांनी चालींवर बसविले. चाल आधी आणि शब्द मागाहून, या रीतीबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मराठी श्रोत्याने तरी ते मुरडू नये. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून आपली रंगभूमी रूढ चालींवर पदे रचीतच मोठी झाली.

त्याच वर्षी, १९७५ मध्ये, मदनमोहन यांच्या मृत्यूनंतर पडद्यावर आलेल्या ‘मौसम’ची कथा या संदर्भात बोलकी आहे. गुलजार यांच्या त्या चित्रपटातील एका गीतासाठी त्यांनी अनेक चाली बांधल्या होत्या. निवडलेली चाल गाजली. न निवडलेल्यांपैकी एक ‘तेरे लिए’ या गीताच्या रूपाने २००४ साली लोकांनी ऐकली. दोन्ही चाली शेजारी ठेवून ऐकल्या, तर एक सरस म्हणून राहिली आणि दुसरी नीरस म्हणून गेली, असे कोणत्याही जाणकाराला म्हणवणार नाही. निवड झाली ती प्रसंगासाठी. गुणवत्तेचा तो निवाडा नव्हता.

हे गीत रूपकुमार राठोड यांच्यासह लता मंगेशकर यांनी गायिले. मदनमोहन यांना त्या ‘मदनभैया’ म्हणत आणि १९५० च्या दशकापासून त्यांच्या चाली गात आल्या होत्या. २००४ साली त्या पंचाहत्तरीच्या झाल्या होत्या. वरच्या स्वरांत वय जाणवते, अशी कुरकुर त्या वेळी झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु मदनमोहन यांच्या चालीत मींड कोठे घ्यायची आणि कोठे नुसते थबकायचे, हे सांगण्यासाठी ते स्वतः नव्हते. ते ठाऊक असलेला गळा मात्र होता. नव्या, टवटवीत गळ्याला ते शिकविणार कोण?

‘वीर-झारा’च्या ध्वनिमुद्रिकेत एकंदर ११ गीते आहेत. २००५ साली आंतरराष्ट्रीय भारतीय चित्रपट अकादमीने उत्कृष्ट संगीतकाराचे पारितोषिक मदनमोहन यांना मरणोत्तर दिले. तथापि या ११ गीतांनाही तीच जुनी कात्री लागली. लताबाई आणि जगजितसिंग यांनी गायिलेले ‘तुम पास आ रहे हो’ हे गीत चित्रपटात आलेच नाही. ते केवळ ध्वनिमुद्रिकेत आहे.