गाड्यावरचं खाणं, डोळसपणे

कंधारचा आठवडी बाजार असो की शेजारच्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, गरम भज्यांचा वास आला की पावलं थबकतातच. हल्ली मात्र कळकट कढया दाखवणारे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात आणि नेटके गाडेवालेही अस्वच्छ गाडेवाल्यांसोबत बदनाम होतात. म्हणून पारख आपल्यालाच हवी.

कढईतलं तेल काळपट, फेसाळ, धुरकट दिसलं तर पुढं चला. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढं गेलं की ते तेल वापरायला मनाई आहे. भजी वर्तमानपत्रात घेऊ नका, छपाईच्या शाईतली रसायनं पोटात जातात. पाणीपुरीचं पाणी आणि बर्फ कुठला, तेही विचारा. समोर तळलेलं, वाफाळतं खाणं त्यातल्या त्यात बरं.

२००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यानुसार छोट्या गाड्यालाही नोंदणी लागते. त्या नोंदणीचं प्रमाणपत्र आपुलकीनं विचारा. आणि एखादी मावशी हात धुऊन, पदार्थ झाकून ठेवून विकत असेल, तर तिला विचारून तिचाही व्हिडिओ जरूर काढा. चांगलं कामही चार लोकांना दिसू द्या.