उन्हाळा, घर आणि विजेचे देयक
(भाषणाचा सारांश)



थंड प्रदेशातील कुटुंबाला घर उबदार ठेवण्यासाठी हिवाळाभर इंधन जाळावे लागते. महाराष्ट्राचा प्रश्न याच्या उलट आहे. येथे घर तापविण्याचा खर्च नगण्य. घर निवविण्याचा खर्च मात्र वाढता आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, त्याला हा खर्च विजेच्या देयकात दिसतो. ज्याच्या डोक्यावर नुसता पत्रा आहे, तो हाच खर्च झोपमोडीने, बुडालेल्या मजुरीने आणि प्रसंगी उष्माघाताने चुकवितो. म्हणून हा विषय केवळ काटकसरीचा नाही, तो आरोग्याचाही आहे.

छपराकडे प्रथम लक्ष

मे महिन्यात महाराष्ट्रात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे घरात शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग छपरावाटे येतो. पत्रा दुपारी तापतो आणि लगेच खाली आग ओततो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवून ती रात्री सोडतो. रात्री अकरा वाजता पंख्याखालीही गरम वारा लागतो, त्याचे कारण हेच.

यावरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरे छप्पर. गच्ची स्वच्छ धुऊन, चुन्यात थोडा सरस मिसळून मार्च संपण्यापूर्वी दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परतवितो आणि खालची खोली साधारणपणे २ ते ५ अंशांनी निवते. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर बसविल्यास तो अनेक वर्षे टिकतो. पत्र्याखाली बांबूचे तट्टे किंवा छत बसवून मध्ये हवेची पोकळी ठेवावी. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला. पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही त्या शहराने हाती घेतले.

जुन्या घरांची शिकवण

मराठवाड्यातील माळवदाची घरे, विदर्भातील कवेलूंची घरे आणि कोकणातील पडवीची घरे हवामान ओळखून बांधलेली होती. माळवदाच्या जाड भिंतीतून उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. पडवीमुळे भिंतीवर ऊनच पडत नसे. आज तशी घरे पुन्हा बांधणे सर्वांना शक्य नाही. परंतु त्यांतील तत्त्व स्वीकारता येते. उन्हाळ्यात सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत सर्वाधिक तापते. त्या बाजूंना मोठ्या खिडक्या टाळाव्यात, छज्जा काढावा आणि पश्चिमेस कडुनिंबासारखे झाड लावावे. समोरासमोर खिडक्या ठेवून पहाटे त्या उघडाव्यात व ऊन चढताच बंद कराव्यात.

यंत्रांचा विवेकी वापर

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास, वर्षातून २०० दिवस वापर धरल्यास एका पंख्यामागे १०८ युनिट वाचतात. कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम काम देतो. तो १५० ते २०० वॅटवर चालतो, तर दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भारावर सुमारे १५०० वॅट घेते. मात्र कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी; अन्यथा ओलावा साचून उकाडा वाढतो. कोकणच्या दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

हिवाळ्यात खरा खर्च पाणी तापविण्याचा आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. सौर बंब बसविल्यास हा भार बहुतेक दिवस सूर्य उचलतो.

पंचायतीची जबाबदारी

घर एकदाच बांधले जाते, पण त्याच्या उकाड्याचा खर्च तीस-चाळीस वर्षे द्यावा लागतो. २५ चौरस मीटरच्या घरकुलात खिडकी कोणत्या बाजूस ठेवावयाची, छज्जा किती बाहेर काढावयाचा, हे जोते भरतानाच ठरले तर त्यास फारसा जादा पैसा लागत नाही. स्लॅब पडल्यावर तीच चूक सुधारणे गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. ग्रामसेवकांनी आखणीच्या वेळी लाभार्थीशी या गोष्टी बोलाव्यात. शिक्षकांनी एका खोलीचे छप्पर पांढरे करून, शेजारच्या खोलीशी तापमापीने तुलना विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी; मुलांनी स्वतः मोजलेला फरक गावाला पटतो. पंचायतीने सुरुवात शाळा, अंगणवाडी आणि एकट्या वृद्धांच्या पत्र्याच्या घरांपासून करावी. चुन्याची काही पोती आणि दोन दिवसांचे श्रमदान एवढ्या भांडवलावर हे काम येत्या मार्चमध्येच सुरू होऊ शकते.