प्रत्येक डागाला कारण हवे

(माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



युद्धकालीन लढाऊ विमानाची प्रतिकृती जोडून आणि रंगवून झाली की ती कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसते. त्यानंतर रंगवणारा तिच्यावर धूळ, धूर, तेल आणि ओरखडे यांच्या खुणा उमटवू लागतो. या छंदात त्या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. इतक्या कष्टाने स्वच्छ रंगवलेली वस्तू मळवायची कशासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका विमानाच्या आधारे पाहता येईल.

१९४४ साली जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तेथून हरिकेन विमाने उडवीत होती. स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग तिचे प्रमुख होते. त्याच वर्षी त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले. डोंगररांगांवरून खाली झेपावून शत्रूच्या हालचाली टिपणे, हे या स्क्वाड्रनचे एक महत्त्वाचे काम होते. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट. एकास बहात्तर या प्रमाणात सहा फुटांचा एक इंच होतो. म्हणजे प्रतिकृती सुमारे पावणेसात इंचांची भरते.

पहिली परीक्षा चिन्हांची. ब्रिटिश पद्धतीच्या वर्तुळाकार चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळाच होता. गफलतीने आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल रंग काढून टाकण्यात आला आणि गडद व फिकट निळ्या रंगांचे चिन्ह रूढ झाले. घाईने नेहमीचे चिन्ह चिकटवलेली प्रतिकृती दिसायला कितीही सुबक असो, इंफाळच्या आकाशात ती आपल्याच तोफांचे लक्ष्य ठरली असती.

रंगकामाचा क्रमही सकारण असतो. सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुतात, कारण साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग अस्तर आणि त्यावर एअरब्रशने गडद हिरवा व मातकट तपकिरी रंग. हा रंग ॲक्रिलिक असतो. त्यावर पारदर्शक चकचकीत लेप दिला की चिन्हे नीट बसतात. पुढे तैलरंग पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडतात आणि जास्तीचा पुसून घेतात. तैलरंगाचा द्रावक खालच्या ॲक्रिलिकला इजा करीत नाही, म्हणून चूक झाली तरी ती पुसता येते. शेवटी निस्तेज लेप देऊन सारी चकाकी घालवतात.

खरी कसोटी ओरखड्यांपाशी लागते. रंग उडाला की खालची धातू चमकणार, ही सर्वसाधारण समजूत. हरिकेनचे नाक आणि या काळातले पंख धातूच्या पत्र्याचे होते. मात्र कॉकपिटमागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. कापडाखाली चमकायला पत्राच नाही. तेथे चंदेरी ओरखडा काढणे म्हणजे विमान कशाचे बनले होते हे न जाणणे. कापड फाटले तर त्यावर ठिगळ लावून रंग देत; म्हणून तेथे फार तर ताज्या रंगाचा चौकोन शोभेल. वैमानिक डाव्या बाजूने चढत असे, म्हणून त्या बाजूचे पंखमूळ अधिक झिजलेले. इंजिनाच्या दोन्ही अंगांच्या धुराड्यांचा काजळपट्टा वाऱ्याच्या दिशेने, मागेच जाणार. आणि प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा मूळ विमानावर बहात्तर मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ तीन इंचांचा होतो, हे हात उचलण्यापूर्वी आठवावे लागते.

नवशिक्याचा हात येथेच सैल सुटतो. डाग जमू लागले की आणखी एक द्यावासा वाटतो आणि पाहता पाहता विमान भंगारात काढल्यासारखे दिसू लागते. अशा प्रतिकृतीत नकळत एक अन्याय घडतो. वैमानिकांची नावे इतिहासात राहिली. धुळीत आणि पावसात काच पुसणारे, कापड सांधणारे, इंजिन उघडून पुन्हा बसवणारे यांत्रिक बहुतांशी अनामच राहिले. त्यांच्या निगराणीमुळे विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडत असे. वापराने आलेली झीज आणि हेळसांडीने आलेली अवकळा यांत भेद न करणारा रंगवणारा त्यांच्या श्रमांवरच बोळा फिरवतो.

दिल्लीला पालम येथील हवाई दल संग्रहालयात हरिकेन विमान पाहता येते. त्याची घडण, कापडाखाली उमटलेल्या पट्ट्यांच्या कडा, चाकांची ठेवण तेथे डोळे भरून पाहावी. झीज मात्र युद्धकाळातल्या छायाचित्रांत शोधावी, कारण संग्रहालयातले विमान जतनासाठी रंगवलेले असते.

एखाद्या घरात मूल असे विमान रंगवून पुढे आणील, तेव्हा ‘छान’ म्हणून थांबू नये. एका डागावर बोट ठेवून ‘हा येथे कशाने पडला?’ एवढेच विचारावे. ‘येथून वैमानिक चढायचा’ असे उत्तर आले, तर त्या मुलाने विमानाबरोबर त्यात चढणारा माणूसही पाहिला आहे. उत्तर आले नाही, तर तैलरंगाचा डाग पुसता येतो आणि छायाचित्र पुन्हा उघडता येते.